उपवासकाळातील मौन तपसाधना: अडीच दिवस क्रूस, चाळीस मिनिटे पुनरुत्थान

गेल्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्ताच्या दिवसांत, बँकेतून शुक्रवारची एक रजा काढून मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका तपसाधनागृहात गुरुवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत मौन तपसाधना (रिट्रीट) केली. तक्रारीचे मुद्दे बरेच असल्यामुळे त्या घराचे नाव येथे देत नाही. तपसाधना मराठीतून होती, हे मुद्दाम नमूद करते, कारण मुंबईत अशी सोय प्रामुख्याने इंग्रजीत मिळते आणि वसईत वाढलेल्या माझ्यासारखीला प्रार्थना इंग्रजीत करता आली, तरी रडणे मराठीतच येते.

तेथे जाण्यामागचे कारण सांगितल्याशिवाय या परीक्षणाला अर्थ राहणार नाही. माझ्या आईला पक्षाघात होऊन चौदा महिने झाले होते आणि त्याच काळात माझ्या मुलीला मुलगी झाली. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला गेले, तेव्हा पायऱ्यांजवळच्या एका दुकानातून माउलीला वाहण्यासाठी मी आईसाठी मेणाचा पाय आणि नातीच्या आभारासाठी मेणाचे बाळ घेतले. दुकानदाराने दोन्ही वस्तू एकाच वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिल्या. घरी मात्र दुःख आणि आनंद असे एकत्र ठेवणे मला जमत नव्हते. नातीला खेळवताना हसू आले की मी आईच्या खोलीचे दार लोटून घेत असे. दुःख कसे सोसावे हे मला लहानपणापासून शिकवले गेले होते; शेजारच्या खोलीत दुःख असताना सुखी कसे असावे, हे कोणी शिकवले नव्हते. हा एकच प्रश्न घेऊन मी गेले आणि तपसाधनेचे मोजमापही त्याच प्रश्नाने करत आहे.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगते. जेवणाखाण्यासह चोवीसशे रुपये घेतले, खोली स्वच्छ होती, जेवण साधे आणि गरम होते. मोबाइल कार्यालयात जमा करावा लागतो, परंतु घरी आजारी माणूस असल्याचे सांगितल्यावर रात्री एक फोन करण्याची परवानगी विनासायास मिळाली. कोपऱ्यातील खोलीचा पंखा रात्रभर कुरकुरतो. मौनात तो फारच ऐकू येतो.

साधनेचा आराखडा संत इग्नेशियस लोयोला यांचा होता. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून हा सरदार घरी खाटेला खिळला आणि पडल्यापडल्या त्याच्या लक्षात आले, की शौर्याची आणि दरबाराची स्वप्ने रंगवताना येणारा आनंद ओसरल्यावर मन कोरडे पडते, तर संतांच्या जीवनाचा विचार केल्यावर आलेला आनंद मागाहूनही टिकतो. पुढे पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाचे बीज या निरीक्षणात आहे. प्रवचन देणाऱ्या फादरांनी ही हकिगत पहिल्याच संध्याकाळी सुरेख सांगितली, पण तिच्यातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ते ओलांडून गेले: आनंदाची पारख करण्याची ही विद्या आजारपणाच्या खाटेवर जन्मली आहे.

शुक्रवार आणि शनिवार हे दोन्ही दिवस क्रूसावर खर्च झाले. चार प्रवचने, दोनदा क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाचे टप्प्याटप्प्याने केलेले चिंतन), तिची चौदा स्थाने, आणि प्रत्येक प्रवचनाच्या शेवटी एकच सल्ला: तुमचे दुःख प्रभूला अर्पण करा. फादरांचे मराठी शुद्ध आहे, आवाजात कळकळ आहे, आणि स्वतःचे दुःख घेऊन आलेल्यांना त्यातून बळ मिळाले असेल यात शंका नाही. तथापि ज्या वचनावर त्यांनी सारा भर दिला, त्या बायबलमधील कलस्सैकरांस पत्रातील पहिल्या अध्यायाच्या चोविसाव्या ओवीत संत पौल आनंद मानतो तो त्याच्या स्वतःच्या दुःखांत. आईच्या दुःखात आनंद मानण्याची मुभा ते वचन मला देत नाही, आणि तिचे दुःख तिच्या वतीने अर्पण करून टाकण्याचीही नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाविषयी जे पत्र लिहिले, त्याचा आरंभ याच वचनाने होतो, परंतु अखेरीकडे ते चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या परक्याच्या, दृष्टान्तापाशी येते आणि दुसऱ्याचे दुःख हलके करणे हेही ख्रिस्ताचेच काम असल्याचे सांगते. फादरांनी या पत्राचा उल्लेख दोनदा केला. शोमरोनी मात्र त्यात एकदाही आला नाही.

या तपसाधनेचे पैसे वसूल झाले ते वैयक्तिक मार्गदर्शनात. प्रत्येकाला रोज अर्धा तास एका मार्गदर्शकाशी बोलता येते. माझ्या वाट्याला सत्तरी ओलांडलेल्या एक सिस्टर आल्या. शुक्रवारी मी बोलायला लागले आणि पाच मिनिटांत गप्प झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी जाऊन अंघोळ कर आणि झोप. प्रार्थना संध्याकाळी बघू.” मला वाटले, टाळत आहेत. शनिवारी त्यांनीच सांगितले, की संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दुःखावरचे उपाय मांडले आहेत आणि त्यांत सुखद गोष्टी, अश्रू, मित्रांची सहानुभूती व सत्याचे चिंतन यांच्या बरोबरीने झोप आणि स्नानही आहे. एवढ्या मोठ्या धर्मपंडिताने अंघोळीची नोंद घ्यावी याचे मला अजून हसू येते, आणि बरेही वाटते.

मग मी दार लोटून घेण्याची गोष्ट सांगितली. सिस्टरांनी उपदेश केला नाही, “आईने कधी सांगितलं का तुला, दार लाव म्हणून?” एवढेच विचारले. त्यानंतर त्यांनी इग्नेशियसांची एक बाब समजावली, जी मला प्रवचनांत ऐकायला आवडली असती. त्यांच्या भाषेत सांत्वन म्हणजे केवळ प्रसन्न वाटणे नव्हे. स्वतःच्या पापांसाठी किंवा ख्रिस्ताच्या दुःखसहनासाठी येणारे अश्रूही ते सांत्वनातच मोजतात. याउलट मनाचा अंधार, अस्वस्थता, आशा आणि प्रेम आटून जाणे ही शुष्कता, आणि त्या अवस्थेत आधीचा निर्णय बदलू नये असा त्यांचा नियम आहे. म्हणजे हसणे एका बाजूला आणि रडणे दुसऱ्या बाजूला अशी ती वाटणी नाहीच. चौदा महिने मी चुकीच्या जागी भिंत घालत होते.

आता मुख्य तक्रार. तीस दिवसांच्या मूळ साधनेत चार आठवडे आहेत. तिसरा दुःखसहनाचा आणि चौथा पुनरुत्थानाचा. चौथ्या आठवड्यात इग्नेशियस साधकाला चक्क सूचना देतात, की उजेडाचा, उन्हाळ्यात गारव्याचा आणि हिवाळ्यात उन्हाचा किंवा शेकोटीचा लाभ घ्यावा. आमच्या चॅपेलचे जाड पडदे मात्र रविवारीही ओढलेलेच होते आणि पुनरुत्थानाला मिस्साच्या (रविवारच्या मुख्य उपासनेच्या) आधीची चाळीस मिनिटे मिळाली, त्यांतही दहा मिनिटे खोल्यांच्या चाव्या परत करण्याच्या सूचनांत गेली. त्यातून तो उपवासकाळातील चौथा रविवार होता. जुन्या लॅटिन परंपरेत त्याला ‘लेतारे’, म्हणजे ‘आनंद कर’, असे नाव आहे आणि त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी उपासनावस्त्र घालण्याची मुभा आहे. फादर जांभळ्यातच आले. ते नियमबाह्य नव्हे, पण त्या रविवारचा एका शब्दानेही उल्लेख होऊ नये हे मला खटकले. ख्रिस्तसभेच्या पंचांगात उपवासकाळाला चाळीस दिवस आहेत आणि ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंतच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतच्या, आनंदकाळाला पन्नास. तपसाधनेचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी हा हिशेब समोर ठेवायला हवा होता.

निघताना अभिप्रायाचा कागद भरून घेतात. त्यात भोजन, निवास आणि प्रवचने अशा तीनच रकान्यांना गुण द्यायचे होते. सिस्टरांसाठी रकानाच नव्हता, म्हणून मी मागच्या कोऱ्या बाजूला त्यांच्याविषयी लिहिले आणि खाली शनिवार दुपारपासून पडदे उघडावेत अशी विनंती केली. ज्यांचे स्वतःचे दुःख ताजे आहे त्यांनी प्रवचनांसाठी जावे. माझ्यासारख्या, दुसऱ्याचे दुःख सांभाळताना स्वतःच्या सुखाची लाज वाटणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच मार्गदर्शनाची वेळ मागून घ्यावी, कारण शुक्रवारी सकाळच्या नाश्त्यापर्यंत सिस्टरांच्या सर्व वेळा भरलेल्या असतात.