मागे वळून बघणारं पाडस: हाडात कोरावं की लाकडात?

दक्षिण फ्रान्समधल्या मा-दाझिलच्या गुहेत 1940 साली पेकार दांपत्याला भाला फेकायची दांडी सापडली. रेनडिअरच्या शिंगात कोरलेलं पाडस मान वळवून मागे बघतंय, शेपटीखाली दोन पक्षी बसलेत. भाल्याचं बूड जिथे अडकतं ती आकडी त्या पक्ष्यांतूनच काढलेली. हजारो वर्षांपूर्वीच्या, मग्दलेनियन काळातल्या, म्हणजे हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या शिकाऱ्यांचं हे काम. त्याची प्रतिकृती करायची तर आधी माल ठरवायला हवा.

चितळ-सांबराच्या शिंगाचा विचार सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आड येतो, शिंग रानात गळून पडलेलं असलं तरी. राहिलं म्हशीच्या पायाचं हाड आणि लाकूड.

हाड शिंगाच्या जवळचं. डोळा, कानाची कड, अंगावरच्या केसांच्या बारीक रेघा त्यात अगदी स्वच्छ उठतात, आणि घासत गेलं की सुंदर झिलई येते. पण नळीची भिंत पातळ. तीत पाडस उठावात निघेल, मान मात्र वळणार नाही. शिवाय शिंगापेक्षा हाड ठिसूळ, दणका बसला की तडकतं. चरबी काढताना खळखळ उकळू नका, मंद आचेवर ठेवा. कानशीने घासताना हाड ओलं ठेवा आणि मास्क लावाच, ती भुकटी छातीत जायला नको.

लाकडात हवी तेवढी जाडी मिळते. शिवणीचं लाकूड कोरायला मऊ. प्रत्यक्ष भाला फेकायचा असेल तर बाभूळ घ्या, ती दणका सोसते. अडचण पायांची. लाकडाच्या तंतूंच्या रेषा पायाला आडव्या गेल्या तर बारीक पाय मोडलाच म्हणून समजा. म्हणून पाय दांडीच्या लांबीला धरून, एकमेकांना चिकटवून कोरा. केसांच्या रेघा मात्र हाडासारख्या येणार नाहीत.

रेझिनची ओतीव प्रत शोकेसला ठीक, पण कोरण्याचा अनुभव त्यात नाही.

माझा कौल लाकडालाच. या कामाचा सगळा जीव त्या वळलेल्या मानेत आहे, ती सपाट झाली तर रेघा कितीही नाजूक असून उपयोग नाही. आकडी तेवढी हाडाची करा, भोक पाडून पक्की बसवा. ही पळवाट नव्हे: ब्रिटिश म्युझियममधल्या, फ्रान्समधल्या मोंतास्त्र्युक इथे सापडलेल्या, मॅमथ कोरलेल्या अशाच दांडीची आकडी त्याच काळात मोडली होती, आणि पाठीला भोक पाडून दुसरी बसवलेली तिथे दिसते.