शेवरले ट्रकसाठी नवा ‘रॉचेस्टर बी’: घ्या, पण जसाच्या तसा बसवू नका

शेवरलेच्या 216 आणि 235 घनइंची सरळ-सहा (एका रांगेत सहा सिलिंडर) इंजिनांवर 1950 पासून रॉचेस्टर बी हा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, आला. आधी कार्टर डब्ल्यू-1 असे. सध्या ऑनलाइन मिळतो तो त्याचाच बिनकंपनीचा नवा अवतार. जुन्या मॅनिफोल्डवर (इंजिनात मिश्रण नेणारी नळी) दोन बोल्टांत बसतो, थ्रॉटल शाफ्टला (हवेची झडप फिरवणारा दांडा) खेळ नाही. पैसे वसूल होतात ते एवढ्यासाठीच.

झाकण आणि खालची वाटी यांची तोंडे मात्र सपाट नाहीत. काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा, स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. जोर केलात तर झाकण वाकते, पॉवर पिस्टनला (जोर लागताच जास्त पेट्रोल सोडणारा) वर धरणारी व्हॅक्यूम गळते, पिस्टन खाली बसतो आणि इंजिन आयडलिंगलाच काळा धूर सोडते. मग लोक जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) बदलत बसतात!

जेटचा हिशेब आपल्याकडे वेगळा. बेळगाव साधारण 750 मीटरवर, हवा सातेक टक्के विरळ. त्याने मिश्रण साडेतीन टक्के रिच (पेट्रोल जास्त) होते. म्हणून जुने मिस्त्री जेट एक नंबर बारीक करायचे. आता पंपावर ई20 आहे, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल, आणि त्याला आठेक टक्के जास्त इंधन लागते. वजाबाकी करून इंजिन चारेक टक्के लीनच (पेट्रोल कमी) चालते. जेटवरचा आकडा म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागातला भोकाचा व्यास. 56 असेल तर 57 घाला. चोर्ला घाटाच्या चढावर भरली गाडी गुदमरली तर 58.

ॲक्सिलरेटर पंपाचा (पाय दाबताच जादा पेट्रोल मारणारा) साधा रबरी कप ई20 ने फुगतो आणि पाय दाबताच गचका बसतो. व्हायटॉनचा (इंधनाला टिकणारे रबर) किंवा चामड्याचा घाला.

मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगचे मिश्रण ठरवणारा) पूर्ण बंद करून दीड फेरी उघडा, इंजिन गरम झाल्यावर व्हॅक्यूम गेजवर काटा सर्वात वर आणा. पुस्तकातले 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे. इथे अडीच इंच कमी दिसणारच. तेवढ्यावरून व्हॉल्व्ह बिघडले समजून इंजिन उघडू नका.

दोन बॅरलचा मोठा कार्बोरेटर? 235 ला 3600 आरपीएमवर, सिलिंडर 75 टक्के भरतात असे धरून, मिनिटाला सुमारे 184 घनफूट हवा पुरते. त्याहून फार मोठ्या तोंडातून हवेचा वेग पडतो, पिकअप जातो. 216 ला तर नकोच: बॅबिट (मऊ मिश्रधातूच्या) बेअरिंगना तेल बरेचसे उडूनच मिळते, जास्त आरपीएम त्यांना झेपत नाहीत.