प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः धोरण ठरवण्याविषयी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीची संगणक व्यवस्था मी सांभाळतो. एका संगणकावर अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या दोन होस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष संगणकांवर, आमच्या अकरा व्हर्च्युअल मशीन चालतात. त्यांत टॅली, पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसवरची ईआरपी (कंपनीचे व्यवहार एकत्र सांभाळणारी प्रणाली), फाइल सर्व्हर, हजेरी आणि वजनकाटा या महत्त्वाच्या. नऊ महिन्यांपूर्वी या सर्वांसाठी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवला. हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली मिळते आणि ते बसवायला अर्धा दिवस पुरला. कोणत्या मशीनचा बॅकअप किती वेळा घ्यायचा आणि किती काळ ठेवायचा हे ठरवायला मात्र तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांबद्दल सविस्तर लिहिणे मला जास्त गरजेचे वाटते, कारण सॉफ्टवेअर आपण ठरवलेले निमूटपणे पार पाडते, चुकीचे ठरवले असले तरीही.

सुरुवात मी सर्व्हरपासून न करता विभागप्रमुखांपासून केली. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले: किती तासांच्या नोंदी तुम्ही पुन्हा हाताने भरू शकाल, आणि यंत्रणा किती वेळ बंद राहिली तर तुमचे काम अडणार नाही? हजेरीची मशीन अत्यंत महत्त्वाची असेल अशी माझी समजूत होती, पण बोटांचे ठसे घेणारे उपकरण स्वतःच नोंदी साठवून ठेवते, त्यामुळे तिथे एका दिवसाचा डेटा गेला तरी तो परत ओढून घेता येतो. उलट, मी दुय्यम समजत होतो त्या वजनकाट्यावर दोन तासांच्या नोंदीही गमावून चालणार नव्हत्या, कारण भंगाराचा ट्रक एकदा रिकामा होऊन गेला की त्याचे वजन पुन्हा करता येत नाही. त्यामुळे वजनकाटा आणि ईआरपी यांचा बॅकअप दर तासाला, टॅली व फाइल सर्व्हरचा दिवसातून दोनदा आणि उरलेल्यांचा रोज एकदा, असे ठरले.

दर तासाचा बॅकअप परवडतो तो या सर्व्हरच्या रचनेमुळे. डिस्कचे 4 मेबिबाइटचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्याची ओळख एसएचए-256 ने, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेल्या अंकीय ठशाने, ठरते आणि जो तुकडा आधीच साठवलेला आहे तो पुन्हा लिहिला जात नाही. शिवाय मशीन चालू असेपर्यंत कोणते भाग बदलले याची नोंद होस्ट ठेवतो, म्हणून तेवढेच वाचले जाते. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केली की ही नोंद पुसली जाते आणि पुढच्या बॅकअपला संपूर्ण डिस्क वाचावी लागते, जरी पाठवला जातो तो बदललेला भागच. हे लक्षात घेऊन देखभालीसाठी मशीन बंद करण्याचे काम आम्ही रविवारी सकाळी ठेवले आहे.

आमच्याकडे तिन्ही पाळ्या चालतात, त्यामुळे ‘रात्री सगळे निवांत असताना बॅकअप’ ही सोय नाही. पहिल्या आठवड्यात बॅकअपच्या वेळी ईआरपी अडखळू लागली. स्नॅपशॉट पद्धतीत, म्हणजे मशीन चालू असतानाच तिच्या त्या क्षणाच्या स्थितीचा बॅकअप घेताना, अजून बॅकअप न झालेल्या भागावर मशीनला लिहायचे असेल तर तिथला जुना मजकूर आधी बॅकअपकडे जावा लागतो, आणि आम्ही बॅकअपसाठी जुन्या फिरत्या डिस्क वापरल्यामुळे प्रत्येक लेखन त्यांच्या वेगाने रखडत होते. होस्टवर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्स व्हीई या सॉफ्टवेअरच्या 8.2 आवृत्तीपासून मिळणारी फ्लीसिंगची सोय सुरू केल्यावर हा जुना मजकूर होस्टवरच्या वेगवान एसएसडीवर तात्पुरता ठेवला जाऊ लागला आणि तक्रारी थांबल्या. तरीही नव्याने बसवणाऱ्याने बॅकअपसाठी पहिल्यापासून एसएसडीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो जतनाच्या मुदतीचा. इथे रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे आणि वर्षाचे किती बॅकअप ठेवायचे हे आकड्यांनी सांगायचे असते, आणि त्या त्या काळातला शेवटचा बॅकअप राखला जातो. यात आपल्याकडच्या माणसासाठी एक मोठी मेख आहे: वर्ष म्हणजे कॅलेंडर वर्ष. टॅलीसाठी वार्षिक बॅकअप ठेवायला सांगितले तर राहतो तो 31 डिसेंबरचा, आणि आपले आर्थिक वर्ष संपते 31 मार्चला. ही बाब मला कागदावर तारखा मांडताना लक्षात आली, अन्यथा दोन वर्षांनी लेखापरीक्षकांसमोर मान खाली घालावी लागली असती. आता 31 मार्चच्या रात्रीचा आणि लेखापरीक्षण पूर्ण झाल्यानंतरचा असे दोन बॅकअप आम्ही हाताने ‘संरक्षित’ करतो, म्हणजे मुदत संपलेले बॅकअप काढून टाकणारी नियमित छाटणी त्यांना हात लावत नाही. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, पण त्यासाठी मी व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपवर विसंबणार नाही. आठ वर्षांपूर्वीची विंडोज आणि तिच्यातला परवाना तेव्हा चालेलच असे नाही, म्हणून हिशेबाचा डेटा स्वतंत्रपणेही काढून ठेवतो. संगणकावर ठेवलेल्या हिशेबाचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज असावा, असे 2022 च्या दुरुस्तीनंतरचा नियम सांगतो. ती अट या व्यवस्थेत आपोआप पूर्ण होते.

दुसरी प्रत पुण्याच्या कार्यालयात ठेवायची, यावर मात्र चर्चा करावीच लागली नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, तो इथे सर्वांनी पाहिला आहे. पुण्याचा सर्व्हर इकडचे बॅकअप स्वतः ओढून घेतो, त्यामुळे तिथला पासवर्ड कोल्हापूरच्या कोणत्याही मशीनवर नाही. इकडे काही पुसले गेले तर तिकडेही पुसावे, हा पर्याय आम्ही जाणीवपूर्वक बंद ठेवला. होस्टला बॅकअप सर्व्हरवर प्रवेशासाठी दिलेल्या टोकनलाही (पासवर्डसारख्या किल्लीलाही) बॅकअप घेण्याचा व परत आणण्याचाच अधिकार आहे, पुसण्याचा नाही. छाटणी फक्त बॅकअप सर्व्हरच करतो. खंडणीखोर व्हायरस होस्टपर्यंत पोहोचला तरी जुने बॅकअप वाचावेत, हा त्यामागचा हेतू.

काही गोष्टी वापरातून शिकलो. छाटणी केल्याने जागा लगेच मोकळी होत नाही, कारण निरुपयोगी तुकडे नंतरची साफसफाई काढते आणि तीही चोवीस तासांहून जुन्या तुकड्यांनाच हात लावते. डिस्क काठोकाठ भरल्यावर जागे होऊन उपयोग नाही, म्हणून 75 टक्क्यांवर सूचना येईल असे केले आहे. बॅकअपचा गट मशीनच्या क्रमांकावरून ठरतो, त्यामुळे बंद केलेल्या मशीनचा क्रमांक नव्या मशीनला देऊ नये. आम्ही दिला होता आणि दोन वेगळ्या मशीनचा इतिहास एकाच यादीत मिसळला. डेटाबेस असलेल्या मशीनमध्ये क्यूईएमयूचा गेस्ट एजंट (बॅकअपच्या क्षणी मशीनचे लेखन थोपवून धरणारा छोटा प्रोग्राम) आहे की नाही हे आधीच तपासावे, कारण त्याच्याशिवाय मिळणारी प्रत अचानक वीज गेल्यावर डिस्क जशी असते तशी असते. ईआरपीसाठी आम्ही रोज रात्री डेटाबेसचा वेगळा डंपही (त्यातल्या सर्व नोंदींची फाइल) काढतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक मशीन वेगळ्या नेटवर्कवर परत उभी करतो आणि त्या विभागातल्या माणसालाच ती तपासायला बसवतो. 400 गिगाबाइटचा फाइल सर्व्हर आमच्या फिरत्या डिस्कवरून परत यायला जवळजवळ अडीच तास लागले. विभागप्रमुखांनी सुरुवातीला ‘एक तास’ लिहून दिले होते, तिथे तो आकडा त्यांच्या संमतीने तीन तास केला, आणि एसएसडीसाठीची मागणी या मोजमापासह व्यवस्थापनाकडे पाठवली आहे.