सात दिवसांचं शिबिर की सत्रभराचा क्षेत्रप्रकल्प?

आसपासच्या गावासाठी काही करायचं म्हटलं की महाविद्यालयापुढे दोन वाटा असतात: राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर, नाहीतर नव्या अभ्यासक्रमातला दोन क्रेडिटचा क्षेत्रप्रकल्प. कागदावर दोन्ही चालू ठेवता येतात. पण राबणारे प्राध्यापक तेच दोन-तीन आणि गाडीभाड्याचे पैसेही तेवढेच. म्हणून मुख्य जोर कशावर द्यायचा, हे ठरवावंच लागतं. गावाच्या पाण्याचा विषय घेऊन ज्यांना हे ठरवायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

शिबिराचं बळ म्हणजे एकाच वेळी हाताशी असलेली पन्नास पोरं. १९६९ पासून ही योजना चालू आहे, त्यामुळे गावाला ती समजावून सांगावी लागत नाही. शाळेच्या खोल्या मिळतात, सरपंच पहिल्या दिवशी हजर असतात. वनराई बंधाऱ्यासारखं, म्हणजे माती-वाळूने भरलेल्या गोण्या रचून ओढ्याचं पाणी अडवण्याचं काम शिबिराइतकं चांगलं दुसऱ्या कशात होत नाही. पाच मीटर रुंद ओढ्यात मीटरभर उंच बंधारा, तळाशी दोन मीटर आणि माथ्याला एक मीटर जाड धरला, तर साडेसात घनमीटर भराव होतो. म्हणजे सिमेंटच्या दोनशे ते अडीचशे रिकाम्या गोण्या. गोणी तीन-चतुर्थांशच भरायची, म्हणजे ती नीट बसते. गच्च भरली की गोल होते आणि फटी राहतात. सांधे विटांसारखे तोडून रचायचे, दोन्ही टोकं काठात खोल घुसवायची, पाण्याकडच्या अंगाला प्लास्टिकचा कागद. बंधारा फुटतो तो बहुधा मधून नव्हे, तळातून किंवा काठातून. वाळू न काढता वरच रचला की पाणी खालून निघून जातं. पन्नास जणांचं हे दोन दिवसांचं काम आहे. पाच-सहा जणांच्या प्रकल्पगटाला ते झेपत नाही.

पण हा बंधारा घालायचा केव्हा? पाऊस थांबलाय आणि ओढा अजून वाहतोय अशा वेळी, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर. शिबिर मात्र बहुतेक ठिकाणी सत्र परीक्षा संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत लागतं. तोवर कित्येक ओढ्यांत दगडच उरलेले असतात. मग श्रमदान वळतं गटार सफाईकडे, रंगरंगोटीकडे आणि वृक्षारोपणाकडे. जानेवारीत लावलेलं रोप आठवड्याला पाणी घालणारं कुणी नसेल तर उन्हाळा काढत नाही.

मला शिबिराची खरी अडचण वाटते ती इथे: त्याची तारीख परीक्षेचं वेळापत्रक ठरवतं, गावाचा हंगाम नव्हे. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या बीडच्या तालुक्यांत जानेवारीत घरोघरी सर्वेक्षणाला निघालं की निम्म्या दारांना कुलूप भेटतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेलेली असतात. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही शाळकरी मुलं. पाणी किती लांबून आणता, रेशन मिळतं का, हे प्रश्न ज्यांना विचारायला हवेत तेच गावात नसतात. अहवालात मात्र ‘गावाचं सर्वेक्षण पूर्ण’ अशी नोंद होते. शिबिरातली पोरं कितीही मनापासून राबली तरी ही उणीव त्यांच्या कष्टांनी भरून निघत नाही. मला हेच सगळ्यात जास्त खटकतं, आणि माझं झुकतं माप प्रकल्पाला आहे ते यामुळेच.

क्षेत्रप्रकल्पात एका क्रेडिटला ३० तास, दोनला ६०. शनिवारी चार तास धरले तर पंधरा फेऱ्या होतात, आणि जुलैत सुरू केलं तर पेरणीपासून पाऊस संपेपर्यंतचं गाव दिसतं. सोपं काम घ्यायचं: पाच-सहा विहिरींची पाणीपातळी. कठड्यावर ऑइल पेंटची खूण करायची आणि दर वेळी तिथूनच वजन बांधलेली टेप सोडायची. चुकतं ते एकाच ठिकाणी. रात्रपाळीच्या विजेवर पंप चालला असेल तर सकाळचं माप उपसलेल्या विहिरीचं येतं आणि पातळी खरीपेक्षा खोल दिसते. म्हणून त्या आठवड्यात फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, वीज दिवसा आहे की रात्री, हे शेतकऱ्याला आधी विचारून घ्यायचं आणि वहीत मापाशेजारीच ‘पंप बंद किती तास’ असा रकाना ठेवायचा.

दुसरा फायदा ग्रामपंचायतीच्या कामाचा. गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो. तोवर झालेल्या मापांचा दोन पानी मराठी अहवाल ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) हाती पडला, तर एखादा विषय त्यात जाऊ शकतो. जानेवारीच्या शिबिरातला अहवाल कितीही चांगला असला तरी बहुधा पुढच्या वर्षासाठी थांबतो.

प्रकल्पाचेही त्रास आहेत. साठ विद्यार्थ्यांचे बारा गट झाले की एका प्राध्यापकाला ते सांभाळणं जड जातं; दोघे असावेत आणि गावं दोनच घ्यावीत. एसटीची परतीची गाडी साडेचारला असेल तर दुपारच्या भेटीत काही होत नाही. क्रेडिट आहे म्हणून येणारी मुलं गुण मिळाले की थांबतात, शिबिरातल्या मुलांसारखी जिवाभावाची होत नाहीत, हेही मान्य. आणि दर वर्षी नवी तुकडी तेच प्रश्न घेऊन दारात उभी राहिली तर गाव कंटाळतं, ते रास्तच आहे.

त्याला उपाय वहीचा. मापांच्या वहीच्या दोन प्रती ठेवायच्या, एक महाविद्यालयात, एक ग्रामपंचायतीत. नव्या तुकडीच्या पहिल्या फेरीला जुन्या गटातले दोघे सोबत पाठवायचे आणि घरोघरीची माहिती पुन्हा न घेता थेट विहिरीवर जायचं. महाविद्यालयात मनुष्यबळ खरोखरच एका प्राध्यापकापुरतं असेल, तर मात्र शिबिरच घ्यावं. फक्त विद्यापीठाकडे ते दिवाळीच्या सुट्टीत, ओढा वाहता असताना घेण्याची परवानगी आधीच मागून ठेवावी.