वनस्पतींच्या चमचाभर पावडरीत ५ मिलिग्रॅम गोळी

‘शंभर टक्के वनस्पतीजन्य, साइड इफेक्ट शून्य, तीन महिन्यांत मधुमेहाच्या गोळ्या बंद.’ अशी डबी विकत घेणाऱ्याला शहाणे लोक हसतात. हसू द्या. वर्षानुवर्षं गोळ्या वाढतच जातात, तपासणीच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात, आणि इथे कोणीतरी रोज आपणहून फोन करून शुगर विचारतं. माणूस विश्वास ठेवणारच. त्यात मीटर खोटं बोलत नसतं. शुगर खरोखर उतरते, आणि चीड येते ती याचीच.

उतरते, कारण पावडरीत औषध दडवलेलं असतं. अशा भेसळीत पुन्हापुन्हा सापडलेलं नाव म्हणजे ग्लिबेनक्लामाइड, शुगर उतरवणारी मधुमेहाची गोळी. कधी मेटफॉर्मिन, तर कधी रक्तात लॅक्टिक आम्ल साठून माणसं दगावतात म्हणून अनेक देशांनी बाद केलेलं फेनफॉर्मिन. ग्लिबेनक्लामाइडची साधी गोळी अडीच किंवा ५ मिलिग्रॅमची, दिवसाची कमाल मर्यादा २०. पाच ग्रॅमच्या चमच्यात ५ मिलिग्रॅम म्हणजे हजारावा भाग. कडू पावडरीत तो जिभेला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. मिसळणारा काही औषध कारखान्यासारखं काट्यावर तोलून मिसळत नाही, त्यामुळे वरच्या चमच्यात २ आणि तळच्यात १२ असंही होऊ शकतं. त्यात डॉक्टरांनी दिलेली ग्लिमेपिराइड चालू असेल, तर एकाच जातीची दोन औषधं पोटात.

खूण समोर असते, आणि तीच हातची निसटते. उपाशीपोटीची २१० शुगर आठवड्याच्या आत ९५? कुठली मुळी, कुठली साल असं करत नाही. हा गोळीचा वेग आहे. मग संध्याकाळी दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, काहीही खात सुटावं अशी भूक. फोनवरचा आवाज म्हणतो, ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे.’ तिथेच थांबायचं होतं! त्या क्षणी बोट टोचलं असतं तर आकडा ७० च्या खाली दिसला असता. पण मीटर काढायचं फक्त सकाळी, असं त्यांनीच पढवलेलं असतं.

लाज इथे जीव घेते. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० जण शुगर भयंकर उतरून रुग्णालयांत दाखल झाले. १२७ जणांच्या रक्तात किंवा लघवीत ग्लिबेनक्लामाइड सापडलं. ते आलं होतं लैंगिक शक्तीच्या बेकायदा औषधांतून, पण ती घेतल्याचं कबूल केलं फक्त ४५ जणांनी. चौघे गेले.

‘आधी-नंतर’चे रिपोर्ट नीट बघा. आधीचा जेवणानंतरचा २६०, नंतरचा उपाशीपोटीचा ११८. ही तुलनाच नव्हे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, मागा. तो ९.२ टक्के असेल तर सरासरी शुगर २१७ च्या आसपास आहे, मग सकाळचा आकडा कितीही गोड दिसो.

मधुमेह आटोक्यात येऊन गोळ्या सुटतात हे खोटं नाही, म्हणून तर धंदा चालतो. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीत दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या आहाराने सुरुवात करून वजन उतरवलेल्या गटात ४६ टक्के लोकांचं एचबीएवनसी वर्षाअखेर गोळ्यांशिवाय साडेसहाच्या खाली होतं. पण ते सगळे टाइप २ चे, निदानाला सहा वर्षांहून जास्त न झालेले, इन्शुलिन न घेणारे, आणि देखरेखीखाली. पावडरीत गोळी घालून ‘गोळी सुटली’ म्हणणं ही निव्वळ चोरी.

तक्रारीचं तर विचारूच नका. औषधवाले म्हणतात, लेबलवर ‘आहारपूरक’ आहे, अन्नवाल्यांकडे जा. अन्नवाले म्हणतात, आत औषध असल्याचा तुमचा संशय आहे ना, मग औषधवाल्यांकडे जा. फोडलेली डबी नमुना म्हणून चालत नाही. त्याच बॅचची सीलबंद आणा. आणायची कुठून, तर त्याच भामट्याकडून, पुन्हा पैसे मोजून! पोलीस म्हणतात, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, हा ग्राहकाचा वाद. तोवर नंबर बंद, नाव नवं, डबीचा रंग तेवढा वेगळा.

डबी घेतलीच असेल तर फेकू नका. बॅच नंबर, बिल, फोनवरचे संदेश ठेवा आणि डबी डॉक्टरांसमोर ठेवा. शुगर उतरलेली असतानाच घेतलेल्या रक्तात या जातीची औषधं तपासता येतात, नंतर संधी जाते. शुगर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. आकडा वर आला म्हणून घरी झोपवूही नका. ग्लिबेनक्लामाइड काही तासांनी पुन्हा खाली ओढतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर दिवसभराहूनही जास्त. रुग्णालयातच ठेवा. पावडर थांबवली की शुगर काही दिवसांत उसळेल. ‘बघा, आमचं बंद केलंत म्हणून’ असा फोन येईल, उचलू नका. ते दिवस जेवणाआधी आणि झोपताना मोजा, आणि मूळ औषधाची मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या.

आणि टाइप १ च्या, म्हणजे शरीर स्वतः इन्शुलिन बनवत नाही अशा, ज्या मुलाचं इन्शुलिन या डबीवाल्यांनी बंद करवलंय, त्याच्यासाठी उद्याची वाट बघू नका. उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास यांतलं काहीही दिसलं तर थेट आपत्कालीन विभाग. तिथे पहिलं वाक्य हेच सांगा: इन्शुलिन कधीपासून बंद आहे.