अक्षर किती फुटांवरून वाचता येतं? सांगलीतल्या एका प्रिंटिंगच्या दुकानाचा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांची एक चूकही सांगणार आहे आणि मालककाका मला बाजारात येता-जाता भेटतात. हरभट रोडपासून चालत पाच मिनिटं, एवढं पुरे. गाडी लावायला जागा नाही. मी स्कूटी मारुती चौकातच ठेवते.

मी आठवी-नववीला इतिहास शिकवते. शिक्षणाला हल्ल्यांपासून वाचवण्यासाठी संयुक्त राष्ट्रं 2020 पासून 9 सप्टेंबर हा दिवस पाळतात. त्यानिमित्त युद्धात शाळांवर आणि मुलांवर झालेल्या हल्ल्यांचे सात बोर्ड खालच्या व्हरांड्यात लावायचं ठरवलं. दोन बाय तीन फूट, पाच एमएम सनबोर्ड (फोमचा ताठ बोर्ड), वर मॅट लॅमिनेशन. स्क्वेअर फुटाला 65 रुपये, म्हणजे 42 फुटांचे 2,730. आणखी दोन ठिकाणी विचारून आले होते, भाव वाजवी आहे. पक्कं बिल न मागता देतात. शाळेच्या कामात हे फार बरं पडतं.

कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा हाताचा वेगवान, पण दिवसभर वाढदिवस आणि निवडीचे फ्लेक्स करतो. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलचा बोर्ड त्यानं आधी केला. मागे आगीचे लोळ, कोपऱ्यात रणगाडा आणि खाली फोटोंसाठी पाच गोल चौकटी. ‘‘मॅडम, शुभेच्छुक कोण टाकायचं?’’ म्हटलं, अरे, 16 डिसेंबर 2014 ला तिथं सव्वाशेच्या वर पोरं गोळ्या घालून मारली. त्यानं गुपचूप चौकटी काढल्या, मग आगही काढली. रणगाडा मात्र दोनदा सांगितल्यावर गेला.

मी युनिकोडमध्ये टाइप करून नेलं होतं आणि त्यांच्याकडचा फॉन्ट जुना, त्यामुळे ‘मार्च’चं सगळीकडे ‘माचर्’ झालं. हे सगळ्याच दुकानांत होतं. पण यानं एकेक रफार शोधून जागेवर बसवला, मी न सांगता. याचे गुण द्यायलाच हवेत.

युक्रेनमधल्या मारियुपोलचा बोर्ड सुरू होता तेव्हा काका मागे येऊन उभे राहिले. फ्लेक्स येण्याआधी ते ब्रशनं पाट्या रंगवायचे. स्क्रीनवर 14 मार्च 2022 चा उपग्रहातून घेतलेला फोटो होता. नाट्यगृहाच्या पुढे आणि मागे जमिनीवर पांढऱ्या रंगात रशियन अक्षरं. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. ‘द्येती’, म्हणजे मुलं. आत शेकडो माणसं आसऱ्याला होती, वरून विमानवाल्यांना कळावं म्हणून लिहिलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनवर बोट ठेवून अक्षराची उंची मोजली. ‘‘आमचा हिशोब असा, इंचाला दहा फूट. फूटभर अक्षर असलं तर एकशेवीस फुटांवरनं नीट वाचता येतंय. हे तर आभाळातनं वाचता येतंय की.’’ मग विचारलं, ‘‘मग?’’ मी म्हटलं, दोन दिवसांनी, 16 तारखेला, तिथंच बॉम्ब पडला. काका गल्ल्यावर जाऊन बसले. नंतर पोराला तिथूनच ओरडून म्हणाले, ‘‘तो फोटू मोठा घे. मजकूर कमी कर.’’ मी मजकूर कमी केला. त्यांचं बरोबर होतं.

‘‘पण शाळाच का?’’ हा पोराचा प्रश्न. सांगलीत राहून हे विचारतोस, म्हटलं. 2019 च्या पुरात लोकांना कुठे ठेवलं होतं? पक्की इमारत, वर स्लॅब, पाणी, संडास, सभोवती भिंत. जे पूरग्रस्तांना सोयीचं तेच फौजेला सोयीचं. छत्तीसगडमध्ये सुरक्षा दलं शाळांत उतरायची आणि माओवादी शाळा उडवून द्यायचे. शेवटी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा आणि वसतिगृहं रिकामी करायला सांगितली. शाळेचा लष्करी वापर टाळू, असं सांगणारा जाहीरनामा 2015 मध्ये ऑस्लोत झाला, त्याला शंभरावर देशांनी मान्यता दिली आहे. पोरगा म्हणाला, ‘‘आमच्या शाळेत पुरानंतर दोन म्हैने चिखलच हुता.’’

आता चूक. कोपनहेगनचा बोर्ड. ब्रिटिश विमानं तिथल्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कचेरीवर बॉम्ब टाकायला आली होती. त्यातलं एक खांबाला धडकून जान दार्क शाळेजवळ कोसळलं, मागून येणाऱ्यांना तो धूर म्हणजेच निशाणा वाटला आणि त्यांनी शाळेवर बॉम्ब टाकले. 86 मुलं गेली. तारीख 21 मार्च 1945. छापून आलं 1954. शेजारच्या कायद्याच्या बोर्डावर युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्याचा 1954 चा हेग करार होता, आकडा तिथून उचलला गेला असणार. प्रूफ मी मोबाइलवर बघून ओके केलं होतं, तेव्हा अर्धी चूक माझी. पकडलं आठवीतल्या मुलीनं: ‘‘बाई, तोपर्यंत युद्ध संपलं होतं ना?’’

काकांनी आकड्यावर फुकट स्टिकर मारून दिला, पण तो पांढरा भाग जरा जास्तच पांढरा दिसतो. नवा बोर्ड हवा तर निम्मे पैसे, म्हणजे 195. यावर आमची थोडी वाजली. मजकूर मी बरोबर दिला होता, पेनड्राइव्हमध्ये आहे, म्हटलं. ‘‘मॅडम, ओके कुणी केलं?’’ मी पैसे दिले नाहीत. स्टिकरवर भागवलं. आता त्याचा एक कोपरा सुटलाय आणि मधल्या सुट्टीत पोरं नखानं तो उचकटून खाली काय आहे ते बघतात.

सनबोर्डसाठी इथं जावं, पाचपैकी चार. प्रूफ दुकानात बसून मोठ्या स्क्रीनवर बघा आणि आकडे बोट ठेवून वाचा. मागे डबल टेप लावून देतात, पण आमच्या तळमजल्याच्या भिंतीला पुरापासून ओल आहे, तिसऱ्या दिवशी दोन बोर्ड खाली आले. खिळे आणि सुतळी घरून न्या.