व्हॅक्यूम स्टोरेज बॅगा: ब्लँकेटसाठी घ्या, पसाऱ्यासाठी नको

आधीच सांगते, बॅगा वाईट नाहीत. ज्या कामाच्या आहेत त्या कामाला एकदम मस्त. पण जाहिरातीत ते ओसंडून वाहणारं कपाट दोन मिनिटांत अर्धं रिकामं होतं ना, ते बघून आपण टूबीएचकेवाले भुलतो आणि सहाचा सेट मागवून मोकळे होतो. ब्रँडचं नाव लिहीत नाही, ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक सारख्याच असतात, जाड प्लास्टिक, वर डबल झिप, मधे गोल व्हॉल्व्ह आणि सोबत एक हातपंप.

फ्लीसची ब्लँकेटं, पॉलिफिलच्या रजया, जास्तीच्या उशा, यांना तोड नाही. हवा ओढली की रजई पापडासारखी चपटी होते, पोरं तर दुसऱ्या रजईसाठी भांडत होती की पंप मी मारणार. पण आईने शिवलेली जुन्या लुगड्यांची गोधडी घातली तर काहीच फरक नाही, कारण तिच्यात हवा असतेच कुठे, कापडावर कापड आणि धावदोरा. पॅकेटवर ८० टक्के जागा वाचते असं छापलंय ते फुगीर गोष्टींपुरतं धरा. आणि वजन तेवढंच राहतं हे लक्षात ठेवा. जंबो बॅग भरली की माळ्यावर चढवायला दोन माणसं लागतात, म्हणून मीडियमच घ्या.

आता खरी गंमत. भरायला म्हणून दिवाण उघडला आणि सगळं बाहेर काढलं तर त्यात काय निघालं, लग्नात आहेरात आलेल्या चादरी, अजून पॅकिंगमधे, पाहुणे आले तर लागतील म्हणून ठेवलेल्या पातळ गाद्या (हल्ली पाहुणे जेवून रात्रीच जातात), आणि सासऱ्यांच्या सत्काराच्या शाली. ते रिटायर्ड हेडमास्तर, त्यामुळे शाल-श्रीफळ ठरलेलं, श्रीफळाची चटणी होते, शाल मात्र जन्मभर राहते. ह्या सगळ्याला मी आतापर्यंत सामान म्हणत होते. बाहेर काढून हॉलमधे पसरल्यावर कळतं की ह्यातलं मागच्या थंडीत कोणी अंगावर घेतलेलं नाही, त्याच्या मागच्याही नाही. बॅग नेमकं उलटं करते, दाबून बारीक करते, म्हणजे तुम्हाला ते दिसत नाही आणि मग टाकायचा विषयच निघत नाही. माझी तक्रार ही आहे.

म्हणून आधी निवडा, मग बॅग. वापरात असलेलं पण ह्या सीझनला नको असलेलं तेवढंच आत जाऊ दे. आहेराच्या कोऱ्या चादरी कामवाल्या मावशींना विचारून दिल्या, त्यांच्या मुलीचं लग्न होतं, त्या खूश. जुने कपडे बोहारणीला द्यायला निघाले तर सासूबाईंनी घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं मिळवलं, म्हणजे पसारा बेडरूममधून किचनमधे गेला, जाऊ दे. पुण्यात असाल तर स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुने कपडे, ई-कचरा वगैरे गोळा करायचे कार्यक्रम घेते, तिकडे लक्ष ठेवा. शालींना मात्र हात लावला नाही. सासरे म्हणाले, "ठेव गं, हिवाळ्यात कोणीतरी घेईल पांघरायला." बरं.

काही गोष्टी चुकूनही आत घालू नका. पैठणी किंवा कुठलीही जरीची साडी तर नकोच, दाबून घडी पडली की जर तिथेच तुटते आणि प्लास्टिकमधे ओल कोंडली की काळी पडते. साडी मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवायची, मधेमधे घडी मोडायची, आज्या करायच्या तेच बरोबर आहे. लेदरचं जॅकेट नको. पिसांची रजई असेल तर ती फार महिने दाबून ठेवू नका, नंतर पूर्वीसारखी फुगत नाही. आणि पावसाळ्यात भरायचं काम काढूच नका, कपडा हाताला कोरडा लागला तरी आत दमट असतो, बॅग उघडल्यावर जो कुबट वास येतो तो दोन धुण्यांत जात नाही. मे महिन्यात कडक उन्हात वाळवून, गार होऊ देऊन मग भरा.

हवा हळूहळू परत शिरते, हे कोणी सांगत नाही. आमच्या सेटमधली एक बॅग गणपतीपर्यंत एवढी फुगली की दिवाणाचं झाकण वर उचललं गेलं, त्यावर मुलगा बसून ते खाली दाबत होता. झिपमधे धागा किंवा केस अडकला की असं होतं, बंद करताना क्लिप दोनदा तरी फिरवा. हुकवाले, चेनवाले कपडे उलटे करून घाला, नाहीतर टोचून भोक पडतं. चिकटपट्टी लावून बघितली, टिकत नाही, आणि फाटलेली बॅग रद्दीवालाही घेत नाही, हे प्लास्टिक अनेक थरांचं असतं, त्याचं रिसायकलिंग अवघड.

हातपंप ठीक आहे, हात भरून येतात. घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं तोंड व्हॉल्व्हवर बसतंय का ते आधी मोजून बघा, आमचं बसलं नाही.

पाचपैकी तीन स्टार. अर्धा अजून दिला असता, पण ती झिपची क्लिप इतकी पिटुकली आहे की एक ऑलरेडी हरवलीये आणि सुटी कुठे मिळत नाही, तर झिपच्या टोकाला दोऱ्याने बांधून टाका.